ईश्वराच्या श्वासावरचे पीस : हिल्डेगार्डच्या भक्तिगीतांची एक ध्वनिमुद्रिका

बाराव्या शतकात जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात एका मठाची प्रमुख असलेल्या स्त्रीने रचलेली आणि स्वतःच चाली लावलेली लॅटिन भक्तिगीते आज चर्चबाहेरही जगभर ऐकली जातात, याचे मोठे श्रेय एका ध्वनिमुद्रिकेकडे जाते. 'अ फेदर ऑन द ब्रेथ ऑफ गॉड' हे तिचे नाव. ख्रिस्तोफर पेज यांच्या 'गॉथिक व्हॉइसेस' या गायकवृंदाने १९८१ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील सेंट ज्यूड चर्चमध्ये ही आठ गीते ध्वनिमुद्रित केली आणि 'हायपेरियन' या त्या वेळी अगदी नव्या असलेल्या कंपनीने ती प्रसिद्ध केली. एकूण वादन-गायन पाऊण तासाच्या आतले आहे. त्यानंतर बिंगेनच्या हिल्डेगार्डची गीते अनेकांनी गायली आणि काहींनी अधिक अभ्यासपूर्णही गायली; तरीही या रचनांची पहिली ओळख कोणत्या ध्वनिमुद्रिकेने करून घ्यावी असे कोणी विचारले, तर मी निःशंकपणे हिचेच नाव सांगेन. शब्द आणि एकपदरी सुरावट यांच्यावर या गायकांनी टाकलेला विश्वास हे तिचे खरे बळ आहे, आणि जिथे तो विश्वास किंचित डळमळला आहे, तिथेच तिच्यातले उणे जाणवते.

शीर्षकातील पीस हिल्डेगार्डच्याच लेखनातले आहे. एका राजाने जमिनीवर पडलेले छोटे पीस उचलले आणि त्याला उडण्याची आज्ञा केली. पीस उडाले, पण ते स्वतःच्या बळावर नव्हे, हवेने त्याला वाहून नेले म्हणून, आणि आपणही तशाच आहोत, असे तिने एका पत्रात लिहिले आहे. असे म्हणणारी ही स्त्री प्रत्यक्षात मोठ्या कर्तबगारीची होती. १०९८ मध्ये एका उमराव घराण्यात तिचा जन्म झाला, १११२ मध्ये डिझिबोडेनबर्गच्या मठात युट्टा या तपस्विनीच्या हाताखाली तिचे बंदिस्त व्रतस्थ जीवन सुरू झाले, आणि ११३६ मध्ये युट्टा निवर्तल्यावर तेथील भगिनींनी तिलाच आपली प्रमुख निवडले. लहानपणापासून दिसणारे दृष्टांत ती ११४१ पासून लिहून काढू लागली. पुढे साधारण ११५० च्या सुमारास, तेथील पुरुषांच्या मठाचा विरोध मोडून काढून, तिने आपल्या भगिनींसह बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ वसवला. दृष्टांतांवरील तीन मोठे ग्रंथ, निसर्ग आणि औषधींविषयीचे लेखन, पोप-सम्राटांपासून सामान्य भगिनींपर्यंतचा पत्रव्यवहार, आणि या सर्वांबरोबर सत्तरहून अधिक गीते, एवढा तिचा वारसा आहे. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला. तो मान लाभलेल्या त्या केवळ चौथ्या स्त्री-संत.

आपण सुरांची खूणलिपी किंवा गायन कोणाकडून शिकलो नाही, तरी गीते रचली आणि गायली, असे हिल्डेगार्डने म्हणून ठेवले आहे. हे विधान वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बेनेडिक्टपंथी मठात दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रहरी प्रार्थना गाऊनच होत असत, आणि पहिले गीत रचण्यापूर्वी ती कित्येक दशके हे गायन कानांत आणि कंठात साठवत आली होती. त्यामुळे तिच्या चालींचे व्याकरण मठातल्या गायनाचेच आहे. वेगळी आहे ती त्यांची झेप. त्या काळातील पुष्कळशा चर्चगीतांची सुरावट एका सप्तकाच्या आसपास फिरते. हिल्डेगार्डच्या काही रचना मात्र दोन सप्तकांच्याही पलीकडे जातात. तिच्या अनेक चालींच्या आरंभी एक ठरावीक उसळी भेटते, ती आपल्याकडच्या स्वरनामांत सांगायची तर सा, लगेच प, आणि तिथून थेट वरचा सा अशी. ही उसळी घेताना गाणाऱ्याचा आवाज कणभरही ताणलेला वाटला, तर सारी ओळ कोसळते. गॉथिक व्हॉइसेसच्या गायिका ती इतक्या सहजपणे घेतात की चढण अवघड आहे हे ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

तिची गीते मुख्यतः दोन हस्तलिखितांत टिकून आहेत. एक तिच्या हयातीत, साधारण ११७५ च्या सुमारास तयार होऊन व्हिलेर येथील मठवासी पुरुषांकडे गेले आणि आज डेंडरमोंडे या बेल्जियममधील गावाच्या नावाने ओळखले जाते; दुसरे म्हणजे व्हीसबाडेनच्या ग्रंथालयातील रीझेनकोडेक्स, सुमारे पंधरा किलो वजनाचा प्रचंड ग्रंथ. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी ड्रेस्डेनच्या बँकेच्या तिजोरीत ठेवलेला हा ग्रंथ बॉम्बवर्षावातून वाचला आणि १९४८ मध्ये परत मिळाला. त्याच्यासोबत तिथे ठेवलेली तिच्या पहिल्या दृष्टांतग्रंथाची सचित्र प्रत मात्र कायमची हरवली. या हस्तलिखितांत स्वर रेषांवर मांडलेले असल्यामुळे कोणता स्वर गायचा हे कळते, पण तो किती वेळ धरायचा, कोणत्या लयीत, किती जणांनी, याविषयी पानावर काहीही नाही. म्हणजे प्रत्येक गायकवृंदाला अर्धे गाणे स्वतःच ठरवावे लागते. मध्ययुगीन साहित्य आणि संगीत यांचे अभ्यासक असलेल्या पेज यांनी या ध्वनिमुद्रिकेत शब्दांच्या स्वाभाविक उच्चारामागून जाणारी, थोडी चपळ चाल पसंत केली आहे. आवाजात कंप जवळजवळ नाही, स्वर स्वच्छ आणि सरळ लागतो, आणि लॅटिन शब्द ठळक ऐकू येतात. मला ही निवड पूर्णपणे पटते, कारण हिल्डेगार्ड आधी कवयित्री आहे आणि तिची चाल शब्दाच्या अर्थावरच फुलते.

ध्वनिमुद्रिकेचा आरंभ 'कोलुम्बा आस्पेक्सित' या गीताने होतो. ट्रिअर या जर्मन शहरातील संत मॅक्सिमिनस यांच्या गौरवाचे हे गीत आहे आणि त्यात एमा कर्कबी यांचा आवाज अग्रभागी आहे. खिडकीच्या जाळीतून कबुतर आत पाहते आणि त्याच्या डोळ्यांसमोर तेजस्वी मॅक्सिमिनसच्या अंगातून सुगंधी राळेचा घाम पाझरतो, अशी पहिल्या कडव्याची प्रतिमा आहे. दुसऱ्या कडव्यात सूर्याची ऊब अंधारात भडकते आणि तिच्यातून एका निर्मळ हृदयाच्या मंदिरातले रत्न उगवते. या प्रकारच्या गीतांत कडव्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतील दोन्ही कडव्यांना एकच चाल असते, पण हिल्डेगार्ड हा नियम पाळता पाळता वाकवते: दुसऱ्या कडव्यात चाल परतते तेव्हा तिच्यात काही स्वर वाढलेले असतात, एखादे वळण बदललेले असते. एकल आवाज आणि वृंद यांच्या आळीपाळीने होणाऱ्या गायनात हा बदल नेमका ऐकू येतो. कर्कबी कडवे संपवतात, वृंद ते उचलतो, आणि ओळखीची सुरावट अनपेक्षित ठिकाणी वर सरकते. पहिल्याच पाच मिनिटांत ऐकणाऱ्याला रचनाकाराची कारागिरी कळावी, अशी ही मांडणी आहे.

याच गीतापासून या ध्वनिमुद्रिकेतला सर्वांत वादाचा मुद्दाही सुरू होतो. गायनाखाली एक स्वर अखंड चालू राहतो. चाक फिरवून तारा घासणाऱ्या 'सिम्फनी' नावाच्या मध्ययुगीन वाद्याचा तो नाद आहे; अन्य काही गीतांत सनईसारख्या, जिव्हाळीच्या वाद्यांतून तसाच आधारस्वर दिला आहे. मराठी कानाला हे लगेच आपलेसे वाटते, कारण तंबोऱ्याच्या जोडीशिवाय गाणे ऐकायची आपल्याला सवयच नाही. परंतु नेमके इथेच सावध राहायला हवे. तंबोऱ्याचा षड्ज हा आपल्या गायनाचा पाया आहे, गायक प्रत्येक स्वर त्याच्याशी तोलून लावतो. हिल्डेगार्डच्या हस्तलिखितांत अशा कोणत्याही आधारस्वराची खूण नाही, आणि तिच्या चाली कडव्याच्या ओघात आपले विसाव्याचे स्वर बदलत जातात. सूर दुसऱ्या ठिकाणी विसावू पाहत असताना खालचा स्वर तोच राहिला, की आवाजाची ओढ उगाचच जुन्या जागेकडे वळते. आधारस्वराने गाण्याला गूढ, भारलेले वातावरण मिळते हे मान्य करूनही मला असे वाटते की या गायिकांना त्याची गरज नव्हती. नुसत्या कंठाने गायलेल्या जागा ऐकल्या की हे पटते. तिथे चर्चच्या दगडी भिंतींतून परतणारा प्रतिध्वनी हाच पुरेसा आधार होतो आणि सुरावटीची प्रत्येक रेघ स्पष्ट उमटते.

शब्दांच्या दृष्टीने पाहिले तर 'ओ इग्निस स्पिरितुस' हे पवित्र आत्म्याला उद्देशून असलेले गीत मला या आठांत सर्वांत समृद्ध वाटते. हा आत्मा अग्नी आहे, प्रत्येक जीवाच्या जीवनाचे जीवन आहे, तो मोडलेल्यांना लेप लावतो आणि दुर्गंधी जखमा धुतो. त्याच्यापासून ढग वाहतात, आकाशतत्त्व उडते, दगडांत ओलावा राहतो, पाण्याचे ओहोळ निघतात आणि पृथ्वीला हिरवेपणाचा घाम फुटतो. मठाच्या बागेतील वनस्पती आणि रुग्णांच्या जखमा या दोन्हींशी रोजचा परिचय असल्याशिवाय अशा ओळी सुचत नाहीत. मरियेच्या दोन गीतांतही हेच दिसते. 'आव्हे जेनेरोसा'मध्ये मरियेच्या उदरातील आनंद हा दव पडून हिरव्या होणाऱ्या गवतासारखा आहे आणि त्याच वेळी स्वर्गातले सारे संगीत तिच्यातून निनादते. 'ओ व्हिरिडिस्सिमा व्हिर्गा' या गीतात मरिया ही हिरवीगार फांदी आहे. तिला बहर आल्यावर वाळून गेलेल्या सगळ्या सुगंधी वनस्पती पुन्हा टवटवीत होतात, धरणीच्या पोटी गहू पिकतो, आकाशातली पाखरे तिच्यात घरटी बांधतात आणि माणसांसाठी जेवणाची पंगत मांडली जाते. या गीताची चाल इतरांच्या मानाने साधी आहे, बहुतेक अक्षरांना एखाद-दुसराच स्वर आहे, आणि म्हणूनच नवख्या श्रोत्याने शब्द समोर ठेवून ऐकायला ते सर्वांत सोपे आहे.

संतांवरील गीतांत तिच्या आयुष्याचा भूगोल सापडतो. 'ओ जेरुसालेम' हे ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत लांब गीत संत रूपर्ट यांचे आहे, ज्यांच्या नावाच्या टेकडीवर तिने आपला मठ बांधला. त्यात सोन्याच्या नगरीच्या खिडक्या पुष्कराज आणि नीलमण्यांनी मढवल्या आहेत. 'ओ प्रेसुल व्हेरे सिव्हितातिस' हे संत डिझिबोड यांचे, म्हणजे ज्या मठातून ती भांडून बाहेर पडली त्याच मठाच्या आद्य पुरुषाचे गौरवगीत आहे. मला हे गीत मोलाचे वाटते, कारण तिचे भांडण तेथील अधिकाऱ्यांशी होते, त्या स्थानाच्या पावित्र्याशी नव्हते, हे त्यावरून कळते. गायनात मात्र हेच गीत मला थोडे सपाट वाटले.

शेवटचे 'ओ एक्लेसिया' हे गीत संत उर्सुला आणि तिच्या सोबतच्या कुमारिकांच्या हौतात्म्याविषयी आहे, आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचे शिखर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल. आरंभी चर्चचे वर्णन स्त्रीदेहाच्या प्रतिमांतून येते: डोळे नीलमण्यासारखे, नाक गंधरस आणि ऊद यांच्या डोंगरासारखे, मुख पुष्कळ जलप्रवाहांच्या नादासारखे. उर्सुला जगाचा आणि विवाहाचा त्याग करते, सूर्याकडे पाहत अतिसुंदर वराला हाक मारते. लोक तिची चेष्टा करतात, मग तिची आणि तिच्या सोबतिणींची हत्या होते. त्या क्षणी सृष्टीची सारी मूलतत्त्वे ईश्वराच्या सिंहासनासमोर आक्रोश करतात, आणि लॅटिनच्या मधोमध 'वाख' असा एक नुसता उद्गार येतो. अर्थाच्या पलीकडचा तो एक शब्द गायिका उगाच ओरडून उच्चारत नाहीत. सुरावटीच्या ओघातच त्याला वजन देतात, आणि त्यामुळे तो अधिक बोचतो. अखेरीस या कुमारिका मोती होतात आणि त्या मोत्यांनी पुराण्या सर्पाचा गळा दाटून बंद होतो. हिंसेचे असे रोखठोक वर्णन भक्तिगीतात ऐकून काही श्रोते चमकतील, परंतु याच ठिकाणी हिल्डेगार्डचे कवित्व सर्वांत धीट आहे.

गाणे तिच्यासाठी किती प्राणाचे होते, हे तिच्या अखेरच्या वर्षातील एका प्रसंगावरून समजते. पूर्वी बहिष्कृत झालेल्या एका उमरावाला रूपर्ट्सबर्गच्या दफनभूमीत मूठमाती दिली गेली. मृत्यूपूर्वी त्याचा चर्चशी समेट झाला होता, असे तिचे म्हणणे होते; माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. देह उकरून बाहेर काढण्यास तिने नकार दिला, तेव्हा ११७८ मध्ये त्यांनी तिच्या मठावर बंदी घातली. प्रार्थना दारे लावून, पुटपुटत करायची, गायची नाही. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्डने बंदी पाळली, आणि सोबत एक दीर्घ पत्रही धाडले. पतनापूर्वी आदामाचा आवाज देवदूतांच्या गायनाशी एकरूप होता, माणसाचा आत्माच सुरेल आहे, ईश्वराचे स्तवन थांबवणे हे सैतानाचे काम आहे. म्हणून पुरेशा कारणाशिवाय चर्चवर मौन लादणाऱ्यांना देवदूतांच्या स्तवनात स्थान मिळणार नाही, असे तिने त्यात बजावले. ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तिने देह ठेवला. हे ठाऊक असलेल्या माणसाला या गीतांकडे मन शांत करणारे पार्श्वसंगीत म्हणून पाहणे अवघड जाईल. दुर्दैवाने अनेक संकलनांत त्यांची विक्री तशीच होते.

या ध्वनिमुद्रिकेत पुरुषांचेही आवाज आहेत, आणि भगिनींच्या मठातील गीतांना ते शोभत नाहीत असा आक्षेप घेता येईल. मला तो फारसा सबळ वाटत नाही. डेंडरमोंडेचे हस्तलिखित व्हिलेरच्या पुरुषांच्या मठाला पाठवलेले होते, आणि ट्रिअरच्या संतांची गीते केवळ आपल्याच भगिनींसाठी रचली असतील असे मानण्याचे कारण नाही. ऐकताना मात्र माझा कौल स्त्रियांच्या आवाजांकडेच जातो, कारण त्या मोठ्या उसळ्या त्यांच्या कंठातच उजळून निघतात. मार्गारेट फिल्पॉट यांचा खर्जाकडे झुकणारा भरदार आवाज आणि कर्कबी यांचा पारदर्शक आवाज यांतला फरक हेही या ध्वनिमुद्रिकेचे एक सुख आहे.

हायपेरियन टेड पेरी यांनी १९८० मध्ये सुरू केली आणि ती चालवण्यासाठी ते रात्री भाड्याची मोटार चालवत असत. एका मठवासिनीच्या लॅटिन गीतांनी त्यांच्या कंपनीला स्थैर्य दिले, 'ग्रामोफोन' मासिकाचा पुरस्कार मिळवून दिला, आणि काही वर्षांनी 'द बिलव्हेड' आणि 'ऑर्बिटल' या ब्रिटिश नृत्यसंगीतकारांनी याच ध्वनिमुद्रिकेतील 'ओ युखारी' या गीताचे तुकडे आपल्या रचनांत वापरले. त्या तुकड्यांवरून मूळ गीताकडे येणाऱ्यांनी ते पूर्ण ऐकावे; ट्रिअरचे आद्य बिशप युखारियस यांच्या गौरवाची त्यातली सलग, लांब पल्ल्याची ओळ तुकड्यात हाती लागत नाही.

भारतातल्या श्रोत्यांना ही ध्वनिमुद्रिका मिळवणे पूर्वी कठीण होते, कारण हायपेरियनने आपला संग्रह स्ट्रीमिंगपासून दीर्घकाळ दूर ठेवला होता. २०२३ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकने कंपनी विकत घेतली आणि त्या वर्षाच्या जुलैपासून संग्रह टप्प्याटप्प्याने स्ट्रीमिंगवर आला, त्यामुळे आता ही अडचण राहिलेली नाही. तरीही शक्य असेल त्यांनी सीडीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तिच्यासोबतच्या पुस्तिकेत लॅटिन संहिता आणि तिचा इंग्रजी अनुवाद आहे, आणि शब्दांविना ही गीते ऐकणे म्हणजे अभंगाची नुसती चाल ऐकणे होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीची, म्हणजे चर्चमधील उपासना स्थानिक भाषांत होऊ लागण्याआधीची, लॅटिन मिस्सा लहानपणी ऐकलेल्या वसईच्या किंवा गोव्याच्या ज्येष्ठांना लॅटिनचा उच्चार परका वाटणार नाही. इतरांनी पहिल्यांदा एकेक गीत निवडून, अर्थ वाचून मगच ऐकावे. आठही गीते सलग लावली तर चौथ्या-पाचव्या गीतापाशी कान थकतो आणि रचनांमधले वेगळेपण पुसट होऊ लागते. माझा सुचवलेला क्रम असा: आधी 'ओ व्हिरिडिस्सिमा व्हिर्गा', मग 'कोलुम्बा आस्पेक्सित', आणि चाल ओळखीची झाली की 'ओ एक्लेसिया'.

या आठांपलीकडे जायचे असेल, तर १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आणि कलोनमध्ये वाढलेल्या 'सेक्वेन्शिया' या वृंदाची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. बार्बरा थॉर्नटन आणि बेंजामिन बॅगबी यांच्या या वृंदाने हिल्डेगार्डचे समग्र संगीत ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेऊन तडीस नेले. त्यांचे गायन अधिक संथ, अधिक विस्ताराचे आहे आणि त्याला धीराने सामोरे जावे लागते. 'ऑर्दो व्हिर्तुतुम' हे तिचे संगीतनाट्यही त्यांनीच प्रथम मोठ्या ताकदीने समोर आणले. त्यात सद्गुण आणि आत्मा गातात. सैतानाला हिल्डेगार्डने एकही सूर दिलेला नाही, त्याला फक्त ओरडायचे आहे.